जमदग्नींची तक्रार, दोन बोटं क्रीम

उन्हाविरुद्धची सर्वांत जुनी तक्रार महाभारताच्या अनुशासनपर्वात सापडते. तक्रारदार जमदग्नी ऋषी. ते एका जागी उभे राहून बाण मारण्याचा सराव करत होते आणि सुटलेले बाण धावत जाऊन गोळा करून आणायचं काम पत्नीकडे, म्हणजे रेणुकेकडे होतं. महिना ज्येष्ठाचा, वेळ दुपारची. रेणुकेचं डोकं तापलं, पाय भाजले, ती घटकाभर झाडाखाली थांबली आणि बाण यायला उशीर झाला. उशीर का झाला म्हणून जमदग्नी भडकले आणि कारण कळल्यावर त्यांनी मोर्चा सूर्याकडे वळवून धनुष्य रोखलं. बायकोला सावलीत बसवून दोन-चार बाण आपणच उचलून आणावेत, हा पर्याय त्यांना सुचल्याची नोंद व्यासांनी केलेली नाही. सूर्य ब्राह्मणाच्या वेषात खाली आला, थोडी बाचाबाची झाली आणि अखेर त्याने तडजोड म्हणून दोन वस्तू दिल्या. छत्री आणि चामड्याच्या चपला.

सनस्क्रीनची ट्यूब दिली नाही.

मला हे महत्त्वाचं वाटतं. स्वतःच्या किरणांची ज्याला खडान्‌खडा माहिती, त्या देवानेच सावली करणारी वस्तू दिली, चोपडायची नाही. पुढे माहूरपासून सौंदत्तीपर्यंत रेणुकेची लेकरं शतकानुशतकं पदर, मुंडासं, फेटा आणि टोपी यांवर भागवत आली. मग फ्रान्झ ग्रायटर नावाचा एक ऑस्ट्रियन विद्यार्थी 1938 साली आल्प्समधलं पिझ बुइन हे शिखर चढला आणि चांगलाच भाजून खाली उतरला. तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता, धनुर्विद्येचा नव्हे. त्यामुळे सूर्यावर नेम धरायच्या भानगडीत न पडता त्याने 1946 मध्ये क्रीम बाजारात आणलं. ट्यूबवर जो एसपीएफचा आकडा असतो, तो रूढ करण्याचं श्रेयही त्यालाच देतात. तेव्हापासून ऊन ही घ्यायची गोष्ट की टाळायची, यावर घराघरांत दोन तट पडले आहेत आणि दोन्ही तटांना डॉक्टरांचा पाठिंबा आहे.

आमच्या भागातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर बसतात आणि तिसऱ्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाई. आमच्या वहिनींचे गुडघे दुखतात आणि गालांवर वांग आहेत, त्यामुळे त्यांची दोन्ही मजल्यांवर ओळख आहे. दुसऱ्या मजल्यावर सांगतात, "ताई, डी फारच कमी आलंय, जरा उन्हात बसत जा." तिसऱ्यावर सांगतात, "ताई, ऊन अजिबात घ्यायचं नाही, खिडकीतलंसुद्धा." दोन्ही सल्ले बरोबर आहेत, हीच यातली अडचण. एखादा तरी चूक असता, तर वहिनींनी तेवढी फी वाचवली असती. सध्या त्या गुडघ्यापासून खालचं सगळं उन्हात आणि मानेपासून वरचं सगळं सावलीत, अशा बेताने अंगणाच्या पायरीवर बसतात. येणारा-जाणारा हसतो. पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या बेतात खोट काढायला जागा नाही. कातडीला ड जीवनसत्त्व तयार करायला चेहराच लागतो, असा नियम नाही. पोटऱ्या चालतात, दंड चालतात, पाठ चालते.

डीची चर्चा खरी रंगते ती बागेतल्या कट्ट्यावर. तिथे पूर्वी पेन्शन, नातवंडं आणि पाणीकपात असे विषय असत. आता रिपोर्ट असतात.

"तुमचं किती?"

"अकरा."

"अहो, मला नऊ आलंय!"

नऊवाल्याच्या आवाजात जो अभिमान असतो, तो त्याच्या मुलाचे बारावीचे टक्के सांगतानाही कुणी ऐकला नव्हता. वीसच्या खाली गेलं की कमतरता धरतात, म्हणजे आमचा अख्खा कट्टा नापास. देशातल्या शहरांत ठिकठिकाणी ज्या पाहण्या झाल्या, त्यांतही बहुसंख्य लोक असेच निघाले. मग 60,000 युनिटांचं सॅशे सुरू होतं, आठवड्यातून एकदा, दुधातून. काही उत्साही मंडळी ते "जरा बरं वाटतं" म्हणून मनानेच वाढवतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की सॅशेचा अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. उन्हात ती भीती नाही. गरजेपुरतं झालं की कातडीत तयार झालेला जादा माल ऊनच मोडून टाकतं. साठेबाजी सॅशेतच शक्य आहे.

हा कट्टा भरतो सकाळी सहाला. पूर्ण बाह्यांचे ट्रॅकसूट, कानटोप्या, पायात मोजे. सूर्य समोरच्या झाडांच्या वर आला की "चला, ऊन झालं" म्हणत सगळे घरी जातात, पडदे ओढतात आणि डी कमी का, याचा विचार करतात.

इथे कोवळ्या उन्हाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, आणि ते बोलताना मला घरातल्या ज्येष्ठ बायकांची भीती वाटते. बाळाला तेल चोळायचं, कोवळ्या उन्हात पालथं घालायचं, म्हणजे हाडं मजबूत होतात, हे आपल्याकडे वेदवाक्य आहे. ज्या किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्यांना यूव्हीबी म्हणतात. सकाळी सूर्य तिरका असतो, किरणांना हवेतून लांबचा पल्ला काटावा लागतो आणि वाटेतला ओझोन यूव्हीबी जवळजवळ सगळे गिळून टाकतो. सात वाजता अंगणात येतं ते ऊन उबदार, सोनेरी, फोटोला उत्तम. पण त्यात डी नावापुरतंच. ते हवं असेल, तर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे आपल्याकडे साधारण दहा-साडेदहाच्या पुढे दुपारी दोन-अडीचपर्यंत. त्यातही आपली कातडी सावळी. मेलॅनिन हा आपल्या अंगातला जन्मजात पहारेकरी, त्यामुळे गोऱ्या माणसाचं जे काही मिनिटांत होतं, त्याला आपल्याला कितीतरी पट वेळ द्यावा लागतो.

आता गंमत पाहा. त्वचेचे डॉक्टर काय सांगतात? सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की उन्हातून आत यायचं. म्हणजे मुहूर्त एकच. दुसऱ्या मजल्यावर तो शुभ, तिसऱ्यावर अशुभ.

आजीचं कोवळं ऊन मात्र अगदीच वाया गेलं, असं समजू नका. 1956 साली इंग्लंडच्या एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना बागेत ऊन खायला नेत. कावीळ झालेल्या एका बाळाची कातडी जिथे उघडी होती तिथे पिवळेपणा उतरला आणि जिथे दुपट्याखाली झाकलेली होती तिथे तसाच राहिला, हे तिथे डॉक्टरांच्या नजरेला आलं. आज नवजात बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्या उपचाराची सुरुवात ही. काम करतो तो निळा प्रकाश. त्याचा डीशी संबंध नाही. (म्हणून कावीळ झालेल्या बाळाला घरीच उन्हात ठेवून दवाखाना टाळू नये. हे आजीने सांगितलं तरी.)

मग पूर्वीच्या लोकांना डी मिळायचं कुठून? माझं उत्तर आहे, वाळवणातून. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, चिकवड्या पसरायच्या, अकरा वाजता त्या उलटायच्या, बारा वाजता कावळे हाकलायचे, एकला डाळ पाखडायला पुन्हा वर जायचं. आखूड बाह्यांचं पोलकं, उघडे दंड, पायात चप्पल नाही. ऐन आखूड सावलीच्या वेळी घरातली सगळी बाईमाणसं आणि राखणीला बसवलेली पोरं उन्हात. कुणी त्याला उपचार म्हणत नव्हतं, उलट वैताग म्हणत होतं. आता कुरडया पाकिटातून येतात आणि गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला.

राहिली गॅलरी. ती आपण आत घेतली. चार बाय नऊची जागा सुटू नये म्हणून तिला सरकत्या काचा बसवल्या आणि तिथे वॉशिंग मशीन ठेवलं. खिडकीची काच यूव्हीबी अडवते आणि यूव्हीए सोडते. डी देणारे किरण यूव्हीबी, सुरकुत्या आणि डाग यांना हातभार लावणारे यूव्हीए. म्हणजे काचेआड खुर्ची टाकून "ऊन खात" बसलेल्या माणसाला तोटा तेवढा सगळा मिळतो आणि फायदा काचेबाहेर उभा राहतो. गॅलरी आत आली, ड जीवनसत्त्व बाहेर राहिलं.

काचेचा हा दुजाभाव 2012 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलेल्या एका छायाचित्रात भलताच स्पष्ट दिसला. 69 वर्षांचा माणूस, 28 वर्षं मालाची गाडी चालवलेली. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बाजू वीस वर्षांनी तरुण वाटावी अशी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या ट्रकवाल्यांनी उजवा गाल तपासावा. प्रवाशांचं सांगायला नको. एसटीत शिरण्याआधी "सकाळची गाडी, पुण्याहून कोल्हापूर, म्हणजे ऊन डावीकडून, आपण उजवीकडे बसू" असा हिशेब मांडणारा एक मामा प्रत्येक कुटुंबात असतो. त्याला आपण आयुष्यभर हसलो. तो त्वचारोगशास्त्र बोलत होता.

आता मूळ ट्यूबकडे येऊ. मराठी मध्यमवर्गाची या बाबतीतली अडचण वैद्यकीय नाही, आर्थिक आहे.

ट्यूबवरचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो, आणि तिथे कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. सोप्या भाषेत, चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधलं बोट अशी दोन बोटं भरून, म्हणजे साधारण अर्धा चमचा. शिवाय उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आता पन्नास ग्रॅमची ट्यूब घ्या. अर्ध्या चमच्याने तिच्यात वीस वेळा लावण्याइतका माल. दिवसातून तीनदा लावलं तर ट्यूब आठवडाही काढत नाही. माणशी महिन्याला साडेचार ट्यूब, चौघांच्या घराला अठरा. साडेचारशेच्या भावाने आठ हजारांच्या पुढे, आणि तेही फक्त तोंड आणि मानेसाठी. एवढ्यात म्हैस पोसली जाते.

प्रत्यक्षात काय होतं? ट्यूब दिवाळीत येते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुरते. बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढा ठिपका घेऊन तो कपाळ, दोन गाल, नाक आणि हनुवटी यांत वाटला जातो, उरलेला हात मानेला पुसला जातो. मार्चमध्ये ट्यूब खालून वर लाटण्याने लाटतात, एप्रिलमध्ये कात्रीने कापून आत बोट घालतात. सांगितलेल्या मापाच्या पाव ते निम्मंच क्रीम लोक लावतात, हे जगभर दिसलं आहे, तेव्हा हा दोष एकट्या सदाशिव पेठेचा नाही. पण मग एसपीएफ 50 लावल्याचं समाधान कागदोपत्रीच राहतं. तसंही पंधराचं क्रीम नीट लावलं तर यूव्हीबी सुमारे 93 टक्के अडतात, तिसाने 97, पन्नासाने 98. तिसाकडून पन्नासाकडे जाताना एक टक्का पदरात पडतो. त्यासाठी दुकानदार आणखी किती रुपये सांगतो, ते पाहून मगच हो म्हणावं.

या कंजुषीला एक सोनेरी बाजू आहे. सनस्क्रीन लावल्याने डी बंद पडेल, अशी भीती पुष्कळांना असते. प्रयोगशाळेतल्या मापाने लावलं तर तसं काहीसं होऊ शकेल. पण रोजच्या व्यवहारात सनस्क्रीन वापरणाऱ्यांचं डी त्यामुळे घसरल्याचं अभ्यासांत फारसं दिसलेलं नाही, कारण पुरेसं लावतंय कोण? दुसरा मजला आणि तिसरा मजला यांच्यातला समेट मराठी माणसाच्या हातून नकळत झाला आहे.

परदेशातले लोक या बाबतीत फार गंभीर असतात, आणि त्यांना कारणही आहे. थंड, ढगाळ देशांतली गोरी माणसं ऑस्ट्रेलियाच्या उन्हात राहायला गेली आणि तिथे त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात वरच्या क्रमांकावर पोचलं. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावी 1992 पासून 1,621 लोकांवर प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात पुढे मेलानोमा हा घातक कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. हा भक्कम पुरावा आहे, पण तो नॅम्बोरच्या कातडीचा आहे. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग मुळात कमी. मेलानोमा झालाच तर पुष्कळदा तळपायावर, जिथे सूर्य बाराही महिने पोचत नाही. ज्यांना सनस्क्रीन लावायचं त्यांनी ते वांग, काळे डाग आणि अकाली सुरकुत्या यांच्यासाठी लावावं. कर्करोगाच्या धास्तीने झोप उडवून घेऊ नये.

दुसऱ्या टोकाला स्वीडन. तिथे सुमारे साडेएकोणतीस हजार बायकांची 20 वर्षं नोंद ठेवली, तर ऊन टाळणाऱ्यांपेक्षा ऊन घेणाऱ्या जास्त जगल्या. लगेच खुर्ची घेऊन अंगणात धावू नका. धडधाकट माणूसच बाहेर जास्त पडतो, ही शंका अशा अभ्यासांत उरतेच. शिवाय स्वीडनचा सूर्य हा जावई आहे, वर्षातून थोडे दिवस येतो, सगळे त्याच्या पुढेपुढे करतात. आपला घरजावई आहे.

आपल्याकडे ऊन टाळण्यामागे हाडं, कर्करोग वगैरे काही नसतं, हेही एकदा कबूल करायला हवं. असतो तो रंग. लग्नाच्या जाहिरातींत "गोरी, निमगोरी, गहूवर्णी" अशी प्रतवारी अजून निघते. 1975 साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नावातला गोरेपणा काढून 'ग्लो' घातला, पण पाहुण्यांनी मुलीकडे पाहायची पद्धत काही त्या वर्षी बदलली नाही. युरोपात कोको शनेलने 1923 च्या सुमारास रिव्हिएराहून रापलेला रंग आणला आणि तिथे रापणं ही ऐपतीची खूण झाली. लोक पैसे मोजून रापायला लागले. आपल्याकडे ते फुकट मिळतं म्हणून नको असतं.

या सगळ्यात शहाणी निघाली ती पुण्याची दुचाकीवाली मुलगी. डोक्याला, तोंडाला घट्ट गुंडाळलेला सुती स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे नाहीतर पांढरा सनकोट. बाहेरगावचे लोक तिला पाहून चंबळच्या खोऱ्याची आठवण काढतात. काढोत. तुळशीबागेतला स्कार्फ दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही, घामाने ओघळत नाही, धुतला की नवा, आणि धाकट्या बहिणीला देता येतो. सूर्याने जमदग्नींना जे सांगितलं, ते तिने बरोबर ऐकलं. तिच्या डीचं काय, हा प्रश्न आहेच. पण त्याला तिच्याकडे पोटऱ्या आहेत आणि रविवार आहे.

ट्यूबच्या जाहिरातीत जे कधीच दिसत नाहीत, त्यांचं सांगायचं राहिलं. चौकातला वाहतूक पोलीस, डांबर टाकणाऱ्या बाया, ऊसतोडीवरची माणसं. साडेचारशेच्या ट्यूबमध्ये त्यांतल्या मजुरांची जवळजवळ एका दिवसाची कमाई जाते, आणि गेली तरी उपयोग नाही, कारण विदर्भात मे महिन्यात माणूस आडवा होतो तो तापमानाने. ते अडवणारं क्रीम निघालेलं नाही. खिशातला कांदाही ते अडवत नाही. तिथे औषध म्हणजे पाणी, सावली आणि बारा ते चार काम बंद.

तेव्हा माझा निकाल असा. चेहऱ्याला छत्री किंवा स्कार्फ, ज्यांना वांग आहेत त्यांनी वर दोन बोटं क्रीम, आणि लावायचं तर लाज न बाळगता दोन बोटं लावावं. हात-पाय आठवड्यातून काही वेळा आखूड सावलीच्या वेळेला उन्हात न्यावेत आणि चटका बसायच्या आत परत आणावेत. सॅशे डॉक्टर देतील तेवढंच. महाबळेश्वरला गार वारा लागतो म्हणून निर्धास्त राहू नये. उंचीवर हे किरण कमी नाहीत, थोडे जास्तच असतात. आणि मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, कोल्हापूरला सहा-सातच्या, पुण्याला तेरा-चौदाच्या, नागपूरला सव्वीसच्या सुमारास, तेव्हा भर दुपारी खगोलप्रेमी मंडळी पेले आणि नळकांडी मांडून जमतात, तिथे जरूर जावं. महाराष्ट्रात डीसाठी याहून चांगला कार्यक्रम कुणी ठेवत नाही. फक्त टोपी घालावी.

सर्व गृहनिर्माण संस्थांच्या सेक्रेटरींना हात जोडून एकच विनंती आहे. गच्चीचं कुलूप रोज अकरा ते बारा काढून ठेवा. आम्ही पापड घालणार नाही, पतंग उडवणार नाही, टाकीच्या झाकणावर बसणार नाही, असं वाटल्यास स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. गावाला जाताना किल्ली तेवढी वॉचमनकडे ठेवा.